वरचा थर त्यांचा, खड्डा आमचा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खड्डा कोणाचा ते आधी मीच बघून सांगायचं म्हणे!

सकाळी नगरपालिकेत फोन केला. आमच्या फाटकासमोर खड्डा पडलाय, त्यात चाकाची खुर्ची अडकते, म्हटलं. पलीकडचा गृहस्थ जांभई देत म्हणाला, "किती खोल आहे?" मी म्हटलं, "विहीर नाही, खड्डा आहे. या नि बघा." तर म्हणतो, "तसं नव्हे बाई. डांबरातच असेल तर तो प्रांत सरकारचा. डांबर फोडून खाली खडीत गेला असेल तर आमचा. बघून सांगा." आणि फोन ठेवला! जिचं अख्खं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं त्या बाईचा फोन मध्येच ठेवला!

छत्री घेऊन बाहेर गेले. टोक आत घालून ढवळलं. कडेला काळं, तळाला करडं काहीतरी. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दारात उभा राहून बघत होता. "काकू, मासे पकडताय?"

"हो. आणि गळाला तूच लागणार आहेस."

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज प्रांतिक बांधकाम खात्याला फोन. तिथला आवाज तरुण, इस्त्री केलेला. "तळाला खडी दिसतेय ना मॅडम? मग तो आमच्याकडून खाली गेला."

खाली गेला! जणू आम्हीच त्याला फूस लावून नेला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताई विचारते, "त्या खड्ड्याच्या मागे का लागलीयस?" जशी काही तिला ठाऊकच नाही!

तिचं खुब्याचं हाड मोडलं त्याला वर्ष होत आलं. त्याआधी चार वाजले की ही बया रस्ता ओलांडून समोर कॅशियरबाईकडे पत्ते खेळायला. दोघीही ऐंशीच्या आसपास आणि भांडणं पहिलीतल्या मुलींची. ताई इस्पितळात मेट्रन होती, हुकूम सोडायची सवय. ती बँकेत कॅशियर, कोणी पान लपवलं की तिला वासच येतो. आता ताई खुर्चीत, कॅशियरबाई चार पायांच्या वॉकरवर, आणि मध्ये हा रस्ता. रस्ता कसला, खड्ड्यांच्या मधे मधे थोडं डांबर! एकदा मी खुर्ची ढकलत न्यायला गेले. पुढचं चाक खड्ड्यात, ताई पुढे, मी तिच्यावर. बेकरीवाला धावला म्हणून निभावलं. तेव्हापासून बाईसाहेबांचा निकाल — "उरलेली हाडं मला शाबूत हवीत."

आता चार वाजता ही आमच्या खिडकीशी बसते, ती तिच्या. हात करतात. संपली भेट.

फोनवर बोला की, असं शहाणे सांगतात. फोनवर पत्ते खेळून दाखवा! दोघींनी तेही करून बघितलं. "काय टाकलंस?" "राणी." "खोटारडी!" दोन्हीकडून फोन आपटले.

रविवार, ९ फेब्रुवारी

कालचं लिहिताना एक आठवलं. हाड मोडलं त्या दिवशी ताई जमिनीवर पडलेली, ॲम्ब्युलन्स दारात, आणि हिचं एकच पालुपद — "माझी उशी!" मी म्हटलं, जीव वाचव आधी. ती म्हणाली, "जीव डॉक्टर वाचवेल, उशी तू घे." हिचं हे लहानपणापासून. नुसती भेटायला जाणार असेल तर हात हलवत जाईल. मुक्काम असला की बरोबर उशी. आई म्हणायची, हिच्या सासरच्यांना ही नांदायला आली हे उशीवरूनच कळलं.

सासर फार काळ नशिबात नव्हतं. नवरा गेला, ती माझ्याकडे आली. उशी घेऊन. तेव्हापासून घर दोघींचं, खर्च निम्मा-निम्मा. दिव्याचं बिल मी, दूध ती. अजून एकदाही करार करावा लागलेला नाही! दोन सरकारांना हे जमू नये?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज मजा केली.

एक्स्चेंजमध्ये एक गोष्ट पक्की शिकले. दोन्ही पार्ट्या एकाच वेळी लाइनवर आणल्याशिवाय बोलणं होत नाही. म्हणून पालिकेला कळवलं, प्रांताचा इंजिनिअर मंगळवारी खड्डा बघायला येतोय. आणि प्रांताला कळवलं, पालिकेचा येतोय. दोघेही आले! एकमेकांना बघून असे दचकले की जणू एकाच मुलीला बघायला आलेली दोन स्थळं.

पालिकेचा स्थूल, मफलर गुंडाळलेला. कशालाही खांदे उडवतो. मी त्याचं नाव खांदेउडव्या ठेवलं. प्रांताचा तो इस्त्रीचा आवाज. खिशातून पोलादी फूटपट्टी काढली, तेव्हा त्याचंही बारसं झालं.

दोघे खड्ड्याशी उकिडवे बसले. फूटपट्टी आत गेली.

"बघा, डांबर संपलं. खाली खडी."

"खडी कुठे? ते डांबरच सुटलंय. अजून आमचा झालेला नाही."

"झालाय हो!"

"होईल. दोनेक महिन्यांत होईल. पण आज नाही."

दिवस भरायचेत म्हणे! मी म्हटलं, "बाळंतपणाला सुईण मी बोलावू का?" फूटपट्टीचे कान लाल झाले. खांदेउडव्याने खांदे उडवले.

मग बेकरीवाल्याने हळूच पुडी सोडली. मागच्या वर्षी पालिकेच्या माणसांनी येऊन खड्ड्यांत खडी टाकली होती. काठोकाठ नव्हे! बरोबर डांबर सुरू होतं तिथपर्यंत. म्हणजे खालचा, पालिकेचा भाग भरला. वरचा उरलेला प्रांताचा. तसाच ठेवून निघून गेले!

मी खांदेउडव्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बाई, दुसऱ्याच्या थराला हात लावला तर मला ऑडिटवाले खातात."

संतापायला हवं होतं. पण खरं सांगू? मला हसू आलं, आणि मग फार कुतूहल वाटायला लागलं. हे असं ठरवलं तरी कोणी?

त्याच दिवशी, नंतर

दोघांना पायऱ्यांवर बसवून चहा पाजला आणि उलटतपासणी घेतली. कधी काळी करार झाला. वरचा थर झिजतो तो बाहेरगावच्या गाड्यांनी, म्हणून तो प्रांताचा. खालची खडी, नळ, गटार गावाच्या सोयीचं, म्हणून पालिकेचं. कागदावर किती समजूतदार वाटतं! सह्या करणारे सगळे देवाघरी गेले. त्यांना खड्ड्याने विचारलं नाही की मी कुठून कुठपर्यंत पडू.

आता म्हणे तो करार मोडीत निघतोय. नवीन पद्धत गाड्या मोजायची. ज्या गाड्या रस्त्यावर थांबतात त्या गावच्या. ज्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात त्या पारगामी. पारगामी जास्त निघाल्या तर रस्ता प्रांताने करायचा, वरपासून खालपर्यंत. गावच्या जास्त निघाल्या तर पालिकेने.

"आणि पालिकेच्या वाट्याला आला तर कधी कराल?" मी विचारलं.

खांदे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डोक्यातून जात नाही. रस्ता कोणाचा? ज्याच्या दारावरून जातो त्याचा, की जो त्याच्यावरून जातो त्याचा? ताईला विचारलं. म्हणाली, "ज्याला ओलांडायचाय त्याचा. त्याला कोणी मोजत नाही."

बुधवार, १२ मार्च

खांदेउडव्या आला. स्वतःहून! बिस्किट खाल्लं, मफलर सोडला, पुन्हा बांधला. मग छताकडे बघत म्हणाला, "पुढच्या बुधवारी मोजणी आहे. प्रांताची माणसं दोन्ही टोकांना बसतील. नियमात फेरी मोजतात, गाडी नाही. एकच गाडी पुन्हा पुन्हा गेली तरी…" इथे खांदे. "मी काही बोललो नाही हं."

"तुम्ही कधीच काही बोलत नाही," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला."

शुक्रवार, १४ मार्च

कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की मदर बोटांच्या पेरांवर पट्टी मारायच्या. पण गाडीतून फेरी मारणं हे खोटं बोलणं कसं? तोंड तर बंदच असतं.

सगळ्या घरांत निरोप दिला. दाताचा डॉक्टर सुरुवातीला आढेवेढे घेत होता. "हे बरोबर दिसतं का मावशी?" म्हटलं, "तुझे पेशंट या रस्त्यावरून येतात, वाटेतच दात पडतात, तुझा धंदा बुडतो." तयार झाला.

बुधवार, १९ मार्च

काय दिवस! एक्स्चेंज सोडल्यापासून इतकं सुख झालं नव्हतं.

पूर्वेच्या टोकाला घडीच्या खुर्चीवर प्रांताची मोजणीवाली बाई, हातात टिकटिक करणारं यंत्र. पश्चिमेला तिचा जोडीदार. बेकरीची गाडी एका टोकाने शिरली, दुसऱ्याने बाहेर, मागच्या गल्लीतून वळसा, पुन्हा हजर. मागे डॉक्टर स्कूटरवर. मागे त्याची बायको मोटारीत, शेजारी सासू. सासूबाईंना इतकं आवडलं की दुपारी उतरायलाच तयार नाहीत! मी फाटकाशी उभी राहून एकेकाला सोडत होते, पूर्वी कॉल सोडायची तशी. कोणी गप्पा मारायला थांबलं की ओरडायची — "थांबू नकोस! थांबलास की गावचा झालास!"

बेकरीवाला इतक्यांदा गेला की शेवटी मोजणीवाल्या बाई त्याला हात करायला लागल्या. मला राहवलं नाही, पाणी घेऊन गेले. विचारलं, "तुम्हाला काही विचित्र वाटत नाही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला फेऱ्या मोजायला सांगितलंय. वाटायला सांगितलेलं नाही."

काय ते उत्तर! एक्स्चेंजमध्ये असती तर मी तिला ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसवली असती.

खिडकीत ताई, समोरच्या खिडकीत कॅशियरबाई, दोघींची हसून हसून मुरकुंडी. वर्षभरात ताईला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी पेरांवर पट्टी चालेल.

सोमवार, २१ एप्रिल

निकाल लागला! आमचा रस्ता "मुख्य पारगामी मार्ग" ठरला. पूर्ण खर्च प्रांताचा. खांदेउडव्याने फोनवर सांगितलं. फोनवरून खांदे दिसत नाहीत, पण मला ऐकू आले.

फूटपट्टीचाही फोन आला. "मॅडम, तुमच्या गल्लीतून एवढी वाहतूक जाते याची आम्हाला कल्पनाच नव्हती."

"आम्हालाही नव्हती," मी म्हटलं. याहून खरं मी आयुष्यात बोललेले नाही.

शुक्रवार, १३ जून

यंत्रं आली. घर हादरतंय, कपबशा नाचताहेत. ताई खूष. दिवसभर खिडकीतून मजुरांवर देखरेख. "तिथे कमी पडलंय! हो, तुम्हीच!" त्यांनी तिचं नाव मोठ्या साहेब ठेवलंय. ती त्यांना बेकरीतून पाव मागवून देते. दुधाच्या खर्चात घालून! बघितलं मी.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गेलो!!

चार वाजता. फाटक, उतार, डांबर. खुर्ची अशी गेली की ढकलायची गरजच नाही, नुसतं धरून राहायचं. मधोमध ताई म्हणाली, "थांब जरा." थांबले. तिने वाकून हात खाली सोडला, बोटांनी डांबर चाचपलं. मग म्हणाली, "चल. ती पत्ते लावून ठेवत असेल."

कॅशियरबाई वॉकर घेऊन दारातच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडणार. कॅशियरबाई म्हणाली, "जाड झालीस." ताई म्हणाली, "तू ठेंगणी झालीस." आणि आत गेल्या.

दिवेलागणीला आणायला गेले तर मेजावर बिस्किटांची लूट आणि ताईच्या मांडीखाली इस्पिकचा एक्का.

शनिवार, १६ ऑगस्ट

रोज जाते. मी घरात एकटी, चार ते सात. शांत आहे. चांगलं आहे. वाचते. घड्याळाची टिकटिक मोठी झालीय का?

मंगळवार, २ सप्टेंबर

आज ओलांडायला थांबावं लागलं. एक ट्रक, मागे दुसरा, मागे सिमेंटचं फिरतं पिंप. ही कुठली ब्याद? डॉक्टर म्हणाला, "नकाशावर आता आपला रस्ता जाड रेघेने दाखवतात मावशी. गावाबाहेरच्या रस्त्याचा वळसा वाचतो ना!"

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ज्या गाड्या आम्ही नुसत्या मोजणीत दाखवल्या, त्या आता खऱ्याच आल्या.

खड्डे होते तेव्हा निदान हळू जायच्या! आता दारासमोरून सुसाट. आज आम्ही मधोमध असताना एक मोटार इतकी जवळून गेली की ताईची शाल उडाली. ब्रेक नाही, काही नाही. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. ताई म्हणाली, "कॉन्व्हेंटमध्ये हेही शिकवायचे?"

घरी येताच मी फाटकाला कडी घातली.

सोमवार, १५ सप्टेंबर

ताई गेली नाही. मीच नेलं नाही. चार वाजता खिडकीशी बसली. हात केला. ट्रक मध्ये आला. ट्रक गेल्यावर पुन्हा केला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

फूटपट्टीकडे गेले, त्याच्या खात्यात. भिंतीवर आमच्या रस्त्याचा नकाशा, खरंच जाड रेघ. म्हटलं, "गाड्यांचा वेग कमी करा. म्हाताऱ्या माणसांना ओलांडता येत नाही."

"मॅडम, काळजी करू नका. मुख्य मार्गाला नियमाप्रमाणे दुभाजक असतो. सिमेंटचा. तो मंजूर झालाय. मग कोणी मध्ये येणारच नाही."

"अहो, आम्हालाच मध्ये यायचंय! पलीकडे जायचंय!"

"त्यासाठी पुढच्या चौकात पूल आहे ना."

जिन्याचा पूल! खुर्ची घेऊन!

मग म्हणाला — आणि बिचारा मनापासून म्हणाला, वाईट माणूस नाही तो — "तुमच्या दारासमोर दुभाजकात उघाड, म्हणजे मोकळी वाट, ठेवता येईल. झेब्रा पट्टे, सिग्नल. पण पायी ओलांडणारे स्थानिक. त्यामुळे उघाडीचा खर्च पालिकेचा."

बुधवार, १ ऑक्टोबर

खांदेउडव्या — "दुभाजक त्यांचा ना बाई? मग त्याला पडलेलं भोकही त्यांचंच!"

पुन्हा खड्डा! फक्त आता उभा.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दुभाजक दोन्ही टोकांकडून येतोय. मोठाले ठोकळे, यंत्राने उचलून शेजारी शेजारी. आमच्या दारासमोर येऊन मिळणार. मी रोज बघते. थांबवायचं म्हटलं तर मजूर म्हणतो, "मोठ्या साहेबांसाठी सावकाश करतोय आजी. पण करणार तर आहेच."

ताईला सांगितलं, घाबरू नकोस, मी उघाड मिळवते. ती पत्ते पिसत होती, एकटीच. म्हणाली, "तू फार धावतेस गं." मग म्हणाली, "मी समोर नसते तेव्हा तुला करमतं का?"

"न करमायला काय झालं! पुस्तकं आहेत." असं मी म्हटलं.

तिने मान डोलावली. जसं काही एक काम हातावेगळं झालं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

जिंकले! म्हणजे अर्धं. दोघांना पुन्हा एकाच खोलीत बसवलं. खूप घासाघीस. शेवटी तत्त्वतः मान्य — उघाड हवी, खर्च निम्मा-निम्मा. मात्र दोन्हीकडच्या सभांची मंजुरी लागणार, त्या नवीन वर्षात. तोपर्यंत दुभाजक बंद करून ठेवायचा. मंजुरी आली की फोडायचा. बांधायचा खर्च एकाचा, फोडायचा दोघांचा! पण हो म्हणाले. दोघेही हो म्हणाले! खांदेउडव्याने खांदे न उडवता हो म्हटलं, याला मी साक्षीदार आहे.

धावत घरी आले. "ताई, झालं!" ओरडतच शिरले. खोली रिकामी. खुर्ची नाही. खिडकी उघडी.

बाहेर आले तर समोर, दुभाजकात एकाच ठोकळ्याची जागा शिल्लक. तो मजूर लाल झेंडी गुंडाळत होता. म्हणाला, "मोठ्या साहेबांनी हाक मारली. म्हणाल्या, आता पोहोचव, नाहीतर राहून जाईल. दोन्हीकडचे ट्रक थांबवले आम्ही! आजी, काय थाटात गेल्या म्हणता!"

समोरच्या खिडकीत दोन डोकी. दोघींनीही हात केला. मीही केला. मला वाटलं, आज बरंच झालं, शेवटचा एक डाव खेळून घेऊ दे. झेंडीवाला संध्याकाळी परत आणून सोडेल.

सात वाजता फोन आला. "आज इथेच आहे," ताई म्हणाली. "तुझं जेवण ओट्यावर झाकलंय."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी शेवटचा ठोकळा बसला.

ताईचा फोन. गोळ्या, जाड भिंगांचा चष्मा, निळी शाल. पुलावरून येशील तेव्हा आण, घाई नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाली — "आणि माझी उशी."